अवकाशातील कामगार म्हणून मानवाकृती यंत्राची उपयुक्तता

१. विषयप्रवेश

'रोबो' या शब्दासाठी मराठीत 'यंत्रमानव' हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. शब्द सुटसुटीत आहे, परंतु त्यात एक गृहीत दडलेले आहे. चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून जो मूळ शब्द जगभर पसरला, त्याची व्युत्पत्ती वेठीच्या श्रमाशी निगडित आहे. म्हणजे मूळ शब्दाचा भर कामावर आहे. मराठी प्रतिशब्दाचा भर मात्र आकृतीवर पडतो. 'यंत्रमानव' म्हटले की दोन हात, दोन पाय व डोके असलेली आकृती आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते, आणि काम करावयाचे म्हणजे ते याच आकृतीने करावयाचे, असे न कळत मानले जाते.

प्रस्तुत लेखात याच गृहीताची परीक्षा करावयाची आहे. यंत्रे अवकाशात उपयुक्त ठरतात की नाही, हा प्रश्न आता वादाचा राहिलेला नाही. प्रश्न एवढाच आहे की, मानवाची आकृती धारण केलेले यंत्र अवकाशात उपयुक्त कामगार ठरू शकेल काय. आणि ठरत असल्यास त्या आकृतीचा कोणता भाग उपयोगी व कोणता निरुपयोगी आहे? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. अवकाश स्थानकाबाहेरील प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी एक माणूस आपला जीव पोशाखाच्या काही थरांवर सोपवीत असतो. १६ जुलै २०१३ रोजी इटालियन अवकाशयात्री लुका पार्मितानो स्थानकाबाहेर काम करीत असता त्यांच्या शिरस्त्राणात पाणी साचू लागले व ते नाकाडोळ्यांपर्यंत पोचले. काम अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. ते बचावले, परंतु असे काम यंत्राकडे सोपविता आले तर कोणाला नको आहे? तथापि 'सोपविता आले तर' या तीन शब्दांतच सगळा प्रश्न साठलेला आहे.

२. मानवी आकृतीच्या बाजूचे युक्तिवाद

मानवाकृतीचे समर्थन सामान्यतः तीन मुद्द्यांवर केले जाते. पहिला मुद्दा हत्यारांचा. अवकाश स्थानकातील कळा, झडपा, पाने, पेटाऱ्यांच्या कड्या व हाताने धरावयाचे दांडे ही सर्व माणसाच्या पंजासाठी घडविलेली आहेत. यंत्राला मानवी हात दिल्यास तीच हत्यारे त्याला वापरता येतील. नवी घडविण्याचा व वाहून नेण्याचा खर्च वाचेल. दुसरा मुद्दा जागेचा. स्थानकातील वाटा, दरवाजे व काम करण्याच्या जागा माणसाच्या मापाच्या आहेत. तिसरा मुद्दा नियंत्रणाचा. दूर बसलेल्या चालकाने स्वतःचा हात हलविला की यंत्राचा हात तसाच हलावा, अशी व्यवस्था असल्यास त्याला वेगळे प्रशिक्षण थोडेच लागते. स्वतःच्या शरीराचे ज्ञान त्याला आधीच असते.

या तिन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. परंतु त्यांची जात एक आहे, हे ध्यानात घ्यावयास हवे. तिन्ही मुद्दे असे सांगतात की परिसर जर आधीच माणसासाठी बांधलेला असेल, तर मानवाकृती यंत्र तेथे सोयीचे. परिसर नव्याने बांधावयाचा असल्यास यांपैकी एकही मुद्दा आपल्या बळावर उभा राहत नाही. मानवी आकृतीचा लाभ हा आकृतीचा अंगभूत गुण नसून परिसराशी तिच्या असलेल्या मेळाचा गुण आहे.

३. प्रत्यक्ष अनुभव

अमेरिकेच्या नासा या संस्थेने जनरल मोटर्स कंपनीच्या सहकार्याने बनविलेले 'रोबोनॉट-२' हे यंत्र फेब्रुवारी २०११ मध्ये 'डिस्कव्हरी' यानातून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर नेण्यात आले. डोके, धड व दोन हात एवढाच भाग प्रथम गेला. त्याचे वस्तुमान सुमारे १५० किलोग्रॅम, डोक्यापासून कमरेपर्यंतची उंची सुमारे १ मीटर, संवेदकांची संख्या ३५० हून अधिक. प्रत्येक पंजात १२ स्वतंत्र हालचाली शक्य होत्या. बोटे चालविणारी विद्युत्-चलित्रे पंजात न ठेवता कोपराखालील भागात ठेवली होती व तेथून स्नायुबंधासारख्या तारांनी बोटे ओढली जात. मानवी हाताची रचनाही बहुतांशी अशीच आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये स्थानकप्रमुख डॅनियल बरबँक यांच्याशी या यंत्राने हस्तांदोलन केले, आणि जगभरच्या वृत्तपत्रांनी ते छायाचित्र छापले.

हस्तांदोलनापेक्षा महत्त्वाचे काम त्याच वर्षी झाले, पण त्याचा गाजावाजा झाला नाही. स्थानकातील हवेचा प्रवाह वेळोवेळी मोजावा लागतो. भारहीन अवस्थेत उष्ण हवा आपोआप वर जात नसल्यामुळे पंख्यांनी निर्माण केलेल्या प्रवाहावरच श्वसनाची सुरक्षितता अवलंबून असते. हे मापन करणाऱ्या माणसाचा श्वास व हाताचा कंप मापनात मिसळतो. यंत्र श्वास घेत नाही व त्याचा हात स्थिर राहतो. कंटाळवाणे, पुनःपुन्हा करावयाचे आणि माणसाच्या उपस्थितीनेच बिघडणारे असे हे काम होते. यंत्राला साजेसे काम कसे असते याचे हे चांगले उदाहरण होय.

२०१४ साली या यंत्राला पाय पाठविण्यात आले. प्रत्येक पायाला सात सांधे होते व पावलाच्या जागी दांडे पकडणारी चिमट्यासारखी योजना होती; पूर्ण ताणल्यास दोन्ही पायांचा विस्तार सुमारे २.७ मीटर भरे. वस्तुतः हे पाय नव्हते, ते आणखी दोन हातच होते. पाय बसविल्यानंतर विद्युत्-पुरवठ्यात अधूनमधून दोष उद्भवू लागला. दोष कायमचा नसल्यामुळे तो सापडणे कठीण गेले, दुरुस्तीत अवकाशयात्र्यांचा वेळ खर्ची पडला, आणि अखेर मे २०१८ मध्ये यंत्र पृथ्वीवर परत आणावे लागले. माणसाचा वेळ वाचविण्यासाठी पाठविलेल्या यंत्राने माणसाचा वेळ घेतला.

जपानने ऑगस्ट २०१३ मध्ये स्थानकावर पाठविलेला 'किरोबो' अवघ्या ३४ सेंटिमीटर उंचीचा होता. त्याचे काम हातांचे नव्हते. अवकाशयात्री कोइची वाकाता यांच्याशी जपानी भाषेत संभाषण करणे हे त्याचे कार्य होते. येथे मानवी आकृती श्रमासाठी नसून सोबतीसाठी वापरली गेली. तो भाग वेगळा असल्यामुळे येथे त्याची चर्चा करीत नाही.

रशियाचे 'स्कायबॉट एफ-८५०', म्हणजेच 'फ्योदोर', २२ ऑगस्ट २०१९ रोजी सोयूझ यानातून निघाले. सुमारे १८० सेंटिमीटर उंचीचे हे यंत्र चालकाच्या आसनावर बसविण्यात आले होते. यान स्थानकाला जोडण्याचा पहिला प्रयत्न फसला व २७ ऑगस्टला ते जोडले गेले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात यंत्र परत आले. परतल्यावर त्याच्या निर्मात्यांनीच मान्य केले की, स्थानकाबाहेरील कामास त्याची रचना सोयीची नाही. लांब पायांचा तेथे उपयोग होत नाही.

या तीन उदाहरणांच्या शेजारी चौथे उदाहरण ठेवावयास हवे. २००८ साली स्थानकावर पोचलेले कॅनडाचे 'डेक्स्टर' हे दोन हातांचे यंत्र मानवी मापाचे नाही. त्याचे हात सुमारे साडेतीन मीटर लांब असून प्रत्येकास सात सांधे आहेत, १७.६ मीटर लांबीच्या 'कॅनडार्म-२' या यंत्रबाहूच्या टोकाशी जोडले जाऊन ते काम करते. ऑगस्ट २०११ मध्ये त्याने स्थानकाबाहेरील विद्युत्-मंडल खंडित करणारी एक पेटी बदलली. नियंत्रण पृथ्वीवरून होत होते. अन्यथा हे काम माणसाने पोशाख चढवून केले असते. डेक्स्टरचे यश त्याच्या हातांत जितके आहे तितकेच त्या पेटीत आहे, कारण यंत्राला पकडता येईल अशी योजना पेटीवर आधीच केलेली होती. परिसर यंत्रास अनुकूल करून घेतल्यास यंत्राला माणसासारखे असावे लागत नाही, ही गोष्ट या उदाहरणाने स्पष्ट होते.

४. पाय, आधार आणि गुरुत्व

मानवी आकृतीतील पाय हा भाग गुरुत्वाने घडविलेला आहे. शरीराचा भार पेलणे व पडणे टाळत पुढे सरकणे हे पायांचे कार्य. कक्षेत भारच जाणवत नसल्याने हे कार्य उरत नाही. परंतु दुसरे, अधिक निकडीचे कार्य उत्पन्न होते, ते म्हणजे आधार धरणे. एका साध्या गणिताने हे ध्यानात येईल. समजा, १५० किलोग्रॅम वस्तुमानाचे एक यंत्र कोठेही न धरता मोकळे तरंगत आहे व त्याचे जडत्व-परिबल १० किलोग्रॅम-वर्गमीटर आहे. ते २० न्यूटन-मीटर परिबल लावून एखादा स्क्रू फिरवू लागले, तर क्रिया-प्रतिक्रियेच्या नियमानुसार तेवढेच परिबल त्याच्यावर उलट दिशेने कार्य करील. कोनीय प्रवेग २ रेडियन प्रति सेकंद वर्ग इतका होईल आणि एका सेकंदात यंत्र १ रेडियन, म्हणजे सुमारे ५७ अंशांतून, फिरेल. स्क्रू घट्ट असल्यास तो जागच्या जागी राहील आणि कामगार मात्र फिरू लागेल.

सबब, कक्षेतील कामगाराला किमान एक अवयव पकडीसाठी व किमान एक कामासाठी लागतो. अवजड वस्तू दोन हातांनी हाताळावयाची असल्यास आधारासाठी तिसरा अवयव आवश्यक ठरतो. या दृष्टीने रोबोनॉटचे पकड असलेले पाय ही योग्य दिशा होती आणि फ्योदोरचे लांब, भूमीवर चालण्याजोगे पाय ही अयोग्य.

चंद्रावर परिस्थिती निराळी आहे. तेथे गुरुत्व आहे, पण ते पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश. चालण्याच्या गतिशास्त्रात असे आढळते की, चालण्याकडून धावण्याकडे होणारे संक्रमण सामान्यतः गुरुत्वप्रवेग व पायाची लांबी यांच्या गुणाकाराच्या निम्म्याचे वर्गमूळ जेवढे असेल, त्या वेगाच्या आसपास घडते. पायाची लांबी ०.९ मीटर धरल्यास पृथ्वीवर हा वेग सेकंदाला सुमारे २.१ मीटर येतो, तर चंद्रावर तो ०.८५ मीटरच भरतो. म्हणजे पृथ्वीवर ज्याला आपण सावकाश चालणे म्हणतो, तेवढ्या गतीलाच चंद्रावर पाऊल जमिनीवरून सुटू लागते. अपोलो मोहिमांतील अवकाशयात्री चालण्याऐवजी उड्या मारीत पुढे जात, त्याचे एक प्रमुख कारण हेच. त्यात चंद्रावरील धूळ तीक्ष्ण कणांची असून ती सर्वत्र चिकटते. पोशाखांच्या सांध्यांना तिने किती उपद्रव दिला हे त्या मोहिमांत दिसून आले. सांधे जितके अधिक, तितकी धुळीला शिरण्यास वाट अधिक. १९७० साली चंद्रावर उतरलेल्या 'लुनोखोद-१' पासून २०२३ च्या चांद्रयान-३ मधील २६ किलोग्रॅम वजनाच्या 'प्रज्ञान' पर्यंत चंद्रावर फिरलेल्या यशस्वी यंत्रांनी चाकेच का पत्करली, याचे उत्तर यात आहे.

पृथ्वीवरही दोन पायांवरील चाल सुकर नाही. नासाच्या 'व्हॅल्किरी' या ४४ हालचालींच्या मानवाकृती यंत्राला डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकन संरक्षण खात्याच्या संशोधन विभागाने भरविलेल्या स्पर्धेच्या प्राथमिक चाचण्यांत एकही गुण मिळविता आला नाही. जून २०१५ च्या अंतिम फेरीत दक्षिण कोरियाचे 'हुबो' विजयी झाले. हे यंत्रही मानवाकृतीच होते. परंतु त्याच्या गुडघ्यांपाशी चाके होती आणि गरज पडेल तेव्हा ते गुडघे टेकून चाकांवर चाले. उभे राहण्याचा हट्ट सोडल्याचा लाभ त्याला मिळाला.

५. निर्वात, उष्णता व सांध्यांची संख्या

स्थानकाच्या आत काम करणारे यंत्र व बाहेर काम करणारे यंत्र यांत मूलभूत भेद आहे. आत हवा असते, तेव्हा पंख्याने चलित्रे थंड ठेवता येतात. बाहेर अभिसरण नाही. उष्णता केवळ प्रारणाने बाहेर टाकावी लागते. ३०० केल्व्हिन तापमानाचा आदर्श कृष्ण पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे ४६० वॅट प्रारण करतो. प्रत्यक्ष पृष्ठभागाची उत्सर्जकता ०.८५ धरल्यास हा आकडा ३९० च्या आसपास येतो. म्हणजे ४०० वॅट उष्णता निर्माण करणाऱ्या यंत्रास, सूर्य व पृथ्वी यांजकडून येणारी उष्णता वगळूनही, अवकाशाकडे उघडा असा सुमारे एक चौरस मीटर पृष्ठभाग हवा. मानवी आकृतीत पृष्ठभाग पुष्कळ असला तरी हात, पाय व धड एकमेकांसमोर येतात आणि आपले प्रारण परस्परांवरच टाकतात. शिवाय उष्णता जेथे निर्माण होते ते सांधे सडपातळ असतात आणि तेथून ती धडापर्यंत वाहून नेणे दुष्कर असते. सपाट विकिरक पत्रा लावलेल्या पेटीसारख्या यंत्राला ही अडचण येत नाही. त्यातच स्थानकाबाहेर सूर्यप्रकाशात सुमारे १२० अंश सेल्सिअस व सावलीत उणे १५० अंशांच्या आसपास अशी तापमानांची ओढाताण असते आणि साधी वंगणे निर्वातात उडून जातात.

दुसरी अडचण विश्वसनीयतेची. केवळ उदाहरणादाखल असे मानू की प्रत्येक सांधा वर्षभर निर्दोष चालण्याची संभाव्यता ०.९९ आहे व सांधे परस्परनिरपेक्ष आहेत. सात सांध्यांच्या यंत्रबाहूचे सर्व सांधे वर्षभर चालण्याची संभाव्यता सुमारे ०.९३ येते, ४४ सांध्यांच्या मानवाकृती यंत्राची मात्र ०.६४ च येते. प्रत्येक सांधा उत्तम असूनही समुच्चय दुबळा ठरतो. पृथ्वीवर सुटा भाग बदलता येतो; कक्षेत तो बदलावयास माणूसच लागतो, आणि माणूस उपलब्ध असेल तर यंत्राची गरज कमी, असा हा पेच आहे.

६. अंतर आणि विलंब

दूरनियंत्रणाच्या युक्तिवादाचे मूल्यमापन अंतरावर अवलंबून आहे. पृथ्वी-चंद्र सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. संदेश जाऊन उत्तर परतण्यास सुमारे २.५६ सेकंद लागतात. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत फेरेल व शेरिडन यांनी केलेल्या प्रयोगांत आढळून आले की, उत्तर उशिरा येत असल्यास चालक सलग हालचाल करीत नाही. तो थोडी हालचाल करतो, थांबतो, परिणाम पाहतो व पुढची हालचाल करतो. एखाद्या कामात अशा ३०० हालचाली असल्यास चंद्रावर निव्वळ थांबण्यात सुमारे १३ मिनिटे जातील. हे सोसण्यासारखे आहे. मंगळ पृथ्वीच्या अगदी निकट असतानाही एकेरी संदेशास सुमारे ३ मिनिटे लागतात. म्हणजे त्याच कामास ३० तासांची प्रतीक्षा. मंगळ दूर असताना ती नऊ दिवसांवर जाते. सारांश, चालकाचा हात व यंत्राचा हात यांचे साम्य चंद्रापर्यंत काही अंशी उपयोगी पडेल, त्यापलीकडे नाही.

यावर काढलेला तोडगा असा की, चालकाने हालचाली न सांगता कार्ये सांगावीत आणि हालचाली यंत्राने ठरवाव्यात. १९९३ साली अवकाशयानातील 'रोटेक्स' या जर्मन यंत्रबाहूने पृथ्वीवरून कित्येक सेकंदांचा विलंब असूनही एक तरंगती वस्तू पकडली. त्यासाठी वस्तू पुढे कोठे असेल याचे भाकीत संगणकाने केले होते. ऑगस्ट २०१७ मध्ये जर्मन संस्थेचे 'रोलिन जस्टिन' हे यंत्र म्यूनिकजवळील प्रयोगशाळेत उभे होते आणि अवकाश स्थानकावरील पाओलो नेस्पोली त्याला हातातील फलकावरून कामे सांगत होते. मंगळासारख्या सजविलेल्या जागी त्याने सौर फलकांची तपासणी व देखभाल केली. मंगळाभोवती फिरणारा माणूस व पृष्ठभागावरील यंत्र अशा भावी जोडीची ती रंगीत तालीम होती. जस्टिनचे धड व हात मानवाकृती आहेत. त्याखाली चाके आहेत, ही गोष्टही लक्षणीय आहे.

७. हात आणि निर्णय

मानवाकृतीच्या समर्थनात हाताला मोठे स्थान आहे, म्हणून हाताचा विचार स्वतंत्रपणे करू. अवकाशपोशाखातील दाब सुमारे ०.३ वातावरण असतो आणि त्यामुळे हातमोजा फुगून ताठ राहतो. प्रत्येक वेळी मूठ वळताना माणूस या दाबाविरुद्ध काम करीत असतो. साडेसहा तासांच्या कामानंतर बोटे थकतात, नखांना इजा होते. तेव्हा यंत्राच्या पंजाची तुलना आपल्या उघड्या पंजाशी करणे अन्यायाचे होईल. ती मोज्यातील पंजाशी करावयास हवी. या तुलनेत यंत्र फारसे मागे नाही. रोबोनॉटवरील संशोधनातूनच पुढे माणसाच्या पकडीला यांत्रिक साहाय्य देणारा हातमोजा २०१२ साली पुढे आला, हे या संदर्भात बोलके आहे.

मग माणसाचे खरे वैशिष्ट्य कशात? हबल दुर्बिणीची कथा येथे उद्बोधक आहे. 'कोलंबिया' यानाच्या २००३ मधील अपघातानंतर हबलची शेवटची दुरुस्ती यंत्राकरवी करण्याचा विचार पुढे आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने डिसेंबर २००४ मध्ये असा अभिप्राय दिला की, उपलब्ध मुदतीत हे यंत्र यशस्वी होण्याची शक्यता फार कमी आहे. मे २००९ मध्ये माणसेच गेली. दुर्बिणीतील एक वर्णपटलेखक दुरुस्त करण्यासाठी शंभराहून अधिक बारीक स्क्रू काढावयाचे होते व ते सुटून तरंगू नयेत म्हणून खास झडप तयार केली होती. सर्व तयारी त्या स्क्रूंची होती. प्रत्यक्षात काम अडले ते त्याआधीच्या एका साध्या धरदांड्यापाशी. त्याचा एक स्क्रू झिजला व फिरेना. पृथ्वीवरील अभियंत्यांनी त्वरित चाचणी घेऊन किती जोर लावता येईल हे ठरविले, आणि मायकेल मॅसिमिनो यांनी तो दांडा हाताने ओढून तोडला.

या प्रसंगी उपयोगी पडले ते बोटांचे कौशल्य नव्हे. जोर यंत्रालाही लावता आला असता. उपयोगी पडला तो योजनेबाहेरच्या अडचणीचा अर्थ लावण्याचा आणि 'येथे मोडणे हेच योग्य' असे ठरविण्याचा विवेक. आणि तोही एका माणसाचा नव्हे, तर कक्षेतील माणूस व पृथ्वीवरील मंडळी यांचा मिळून. मानवाकृती यंत्र घडविताना आपण माणसाच्या हाताची प्रतिकृती केली, पण अवकाशात दुर्मीळ असलेली वस्तू हात नसून निर्णय आहे. अलीकडील काही वर्षांत उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणन-पद्धतींनी यंत्रांच्या हालचालींत मोठी सुधारणा घडवून आणली आहे, हे खरे. परंतु अशा पद्धतींना विपुल उदाहरणे लागतात, आणि भारहीन अवस्थेतील, त्यातही बिघाडाच्या प्रसंगांतील उदाहरणे स्वभावतःच थोडी आहेत.

८. उपयुक्ततेचे गमक

'उपयुक्त' या शब्दाला मोजता येईल असा अर्थ देणे इष्ट होईल. एखादे काम करण्यास अवकाशयात्र्याला लागणारा वेळ 'क', तेच काम यंत्राकडून करवून घेताना मांडामांड व देखरेख यांसाठी त्याच अवकाशयात्र्याचा खर्च होणारा वेळ 'ख', काम किती वेळा करावयाचे ती संख्या 'न', आणि यंत्राच्या जुळणीत व दुरुस्तीत जाणारा एकूण वेळ 'द' मानू. 'क' मधून 'ख' वजा करून येणाऱ्या बाकीला 'न' ने गुणल्यास येणारा गुणाकार 'द' पेक्षा मोठा असेल, तरच यंत्र उपयुक्त कामगार होय.

समजा 'क' ६० मिनिटे व 'द' ३,००० मिनिटे आहे. 'ख' ४० मिनिटे असल्यास तेच काम १५० हून अधिक वेळा केल्यावर लाभास आरंभ होईल. 'ख' ५ मिनिटांवर आणल्यास ५५ वेळांतच. 'ख' जर 'क' इतका झाला, तर लाभ कधीच होणार नाही. यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, यंत्राला हात किती कुशल आहेत यापेक्षा त्याची देखरेख कोठून होते याला अधिक महत्त्व आहे; देखरेख पृथ्वीवरून झाल्यास 'ख' जवळजवळ शून्य होतो, आणि डेक्स्टरचे यश येथेच आहे. दोन, पुनरावृत्त होणारी कामे प्रथम यंत्राकडे द्यावीत. एकदाच उद्भवणारी, अनपेक्षित कामे शेवटी. लोकांच्या कल्पनेतील यंत्रमानव नेमका उलट्या क्रमाने काम करतो: संकटात धावून येतो आणि एरवी स्तब्ध उभा असतो. अर्थात् यानाबाहेरील कामांत वेळाखेरीज जिवाचा धोकाही मोजावा लागतो. तेथे एका तासाचे मोल आतील एका तासाइतके धरता येणार नाही, आणि यंत्राचे पारडे त्या मानाने जड होते.

९. भारतीय प्रयत्न

भारतीय अवकाश संशोधन संस्थेने २२ जानेवारी २०२० रोजी बंगळूर येथे 'व्योममित्रा' लोकांपुढे आणली. गगनयानाच्या मानवरहित उड्डाणासाठी ती योजिलेली आहे. तिला पाय नाहीत. कंबरेपर्यंतच्या या आकृतीने यानातील परिस्थितीची नोंद घ्यावी, सूचना द्याव्यात आणि चालकफलकावरील कळा हाताळाव्यात, अशी अपेक्षा आहे. तिला कामगार म्हणण्यापेक्षा माणसाच्या जागी बसविलेले मापनयंत्र म्हणणे अधिक यथार्थ होईल. माणूस जेथे बसणार तेथे, माणसाच्या मापाने, माणसाच्याच कळांपाशी परीक्षा घ्यावयाची असल्याने येथे मानवी आकृतीचे प्रयोजन निर्विवाद आहे.

याच संस्थेने ३० डिसेंबर २०२४ रोजी सोडलेल्या पीएसएलव्ही-सी६० प्रक्षेपकाच्या अखेरच्या टप्प्यावर एक चालता यंत्रबाहू बसविला होता. तिरुवनंतपुरम् येथील घटकात तयार झालेल्या या बाहूस सात सांधे असून त्याची दोन्ही टोके पकड घेऊ शकतात. एक टोक रोवून दुसरे पुढे टाकीत सुरवंटासारखे सरकण्याची त्याची रीत आहे. त्याला ना डोके ना धड. तथापि आधार धरणे, सरकणे व काम करणे ही कक्षेतील कामगाराची तिन्ही कर्तव्ये त्याच्या एका अवयवात सामावलेली आहेत. व्योममित्रा व हा बाहू यांत स्पर्धा नाही. एक माणसाच्या जागेसाठी आहे, दुसरा माणूस नसलेल्या जागेसाठी. भावी भारतीय अवकाश स्थानकाची आखणी करताना हा भेद आरंभीच ध्यानात ठेवला, तर झडपा, पेट्या व धरदांडे यंत्राला पकडता येतील असे घडविता येतील. स्थानक उभे राहिल्यावर हा बदल करणे महाग पडते.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतील. (अ) मानवी पंजा हा अवकाशातील कामगार-यंत्राचा उपयोगी अवयव आहे, परंतु ज्या परिसरात माणसाची हत्यारे आधीच आहेत तेथेच. (आ) पाय कक्षेत निरुपयोगी आहेत. त्यांच्या जागी पकडीचे अवयव हवेत. चंद्रावर चाके अधिक विश्वसनीय ठरली आहेत. (इ) स्थानकाबाहेर उष्णता व सांध्यांची संख्या ही दोन्ही कारणे मानवाकृतीच्या विरुद्ध जातात. (ई) चालक व यंत्र यांच्या आकृतींतील साम्याचा लाभ अंतराबरोबर घटत जातो. (उ) नव्या परिसराची रचना हाती असेल, तर यंत्र माणसासारखे करण्यापेक्षा परिसर यंत्रास अनुकूल करणे स्वस्त व सुरक्षित होय.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही. मानवाकृती यंत्र माणसांच्या वस्तीत साहाय्यक म्हणून उपयोगी पडेल; माणूस नसलेल्या ठिकाणचा कामगार म्हणून त्याचा दावा दुबळा आहे. या विषयात संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी चेहरा व चाल यांपेक्षा मोकळ्या तरंगत्या यंत्राच्या स्पर्श-नियंत्रणाकडे, निर्वातातील सांध्यांच्या शीतनाकडे आणि यंत्राने स्वतःचाच बिघाड ओळखण्याच्या पद्धतींकडे लक्ष दिल्यास त्यांच्या श्रमांचे चीज होईल. पार्मितानो यांच्यावर ओढवलेला प्रसंग पुन्हा कोणावर येऊ नये, हा या सर्व खटाटोपाचा हेतू आहे, आणि त्या हेतूला यंत्र कसे दिसते याच्याशी काही कर्तव्य नाही.